फायरफॉक्स: ट्रबलशूट मोडमध्ये सगळं नीट, पण एकेक अ‍ॅड-ऑन बंद करून दोषी सापडत नाही

कोकणकडा (प्रश्न)

विंडोज ११, फायरफॉक्स अद्ययावत, अ‍ॅड-ऑन्स (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं) एकूण १८. तक्रारी तीन:

१. एका संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज भरताना कॅप्चाचा (समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारा) चौकोन कोराच राहतो आणि ‘पुढे’ हे बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही.
२. मराठी पानांवर शिरोरेखा तुटते. ‘महाराष्ट्र’ लिहिलेलं असेल तर म, हा, रा, ष्ट्र असे चार तुकडे सुटे सुटे दिसतात. इंग्रजी मजकूर वाचता येतो, जरा फाकल्यासारखा वाटतो एवढंच.
३. लांबलचक पान खाली सरकवताना धक्के बसतात.

हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोड लावला की तिन्ही तक्रारी गायब. म्हणजे दोष अ‍ॅड-ऑनचाच, असं धरून अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर पहिलं बंद केलं, बघितलं, परत चालू केलं, मग दुसरं. असं अठराच्या अठरा झालं. एकाही वेळी एकही तक्रार गेली नाही. मग ट्रबलशूट मोडमध्ये जाते ती कशी? जाहिरातरोधक एकच आहे, दोन नाहीत.

---

तिसरा_टॅब

आधी एक सूचना: खाली पत्ते देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ते रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता टाका.

‘ट्रबलशूट मोडमध्ये बरं वाटलं म्हणजे अ‍ॅड-ऑनचा दोष’ हे गणितच अर्धवट आहे. या मोडला पूर्वी सेफ मोड म्हणत, २०२१ पासून नाव बदललं. त्यात एक्स्टेन्शन्स (तुम्ही म्हणता ती अ‍ॅड-ऑन्स) बंद होतातच, पण सोबत थीम जाते, हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (पान रेखाटायचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकणं) बंद होतं, जावास्क्रिप्टचा जिट कंपायलर (पानांतल्या स्क्रिप्ट वेगाने चालवणारा भाग) बंद होतो, यूजरक्रोम फाइलमधले (ब्राउझरचं रूप पालटणारे) स्वतःचे बदल लागू होत नाहीत आणि टूलबारची मांडणीही तेवढ्यापुरती मूळ रूपात येते. एकदम पाच-सहा गोष्टी बदलल्या आणि आजार गेला, तर कोणत्या औषधाने गेला हे कळणार कसं?

उलट काय काय बंद होत नाही तेही लक्षात ठेवा. फायरफॉक्सचं स्वतःचं ट्रॅकिंग संरक्षण, म्हणजे पत्त्याच्या पट्टीतली ढाल, या मोडमध्ये चालूच राहतं. तुमचा कॅप्चा तिथे दिसतोय, म्हणजे एकट्या ढालीचा हा प्रताप नाही. अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग किंवा राउटरवरची डीएनएस गाळणी (संकेतस्थळाचा पत्ता शोधतानाच अडवणारी) ब्राउझरच्या बाहेर असते. तिच्यावर कुठल्याच मोडचा परिणाम होत नाही, तेव्हा तीही सुटली.

आता फरक ओळखायला सगळ्यात स्वच्छ चाचणी नव्या प्रोफाइलची (प्रोफाइल म्हणजे सेटिंग्ज, बुकमार्क, पासवर्ड यांचा वेगळा संच). अबाउट:प्रोफाइल्स उघडा, ‘क्रिएट अ न्यू प्रोफाइल’ करा, मग त्या प्रोफाइलखालचं ‘लॉन्च प्रोफाइल इन न्यू ब्राउझर’ दाबा. जुनं प्रोफाइल तसंच राहतं. नव्यात अ‍ॅड-ऑन शून्य, पण हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन आणि जिट चालू. जी तक्रार इथेही दिसेल ती अ‍ॅड-ऑनची नाही. जी इथे दिसणार नाही तिच्यासाठीच अ‍ॅड-ऑन्स तपासायची. नव्या प्रोफाइलमध्ये सिंक खात्याने लॉगिन मात्र करू नका, नाहीतर तुमची अठराच्या अठरा मंडळी मागोमाग हजर होतील. काम झालं की प्रोफाइल काढून टाकताना नाव दोनदा वाचा. ‘डिलीट फाइल्स’ चुकीच्या प्रोफाइलवर दाबलं तर बुकमार्क आणि पासवर्डसकट सगळं जातं.

ट्रबलशूट मोड सुरू होताना जी छोटी खिडकी येते तिच्यात ‘ओपन’च्या शेजारी ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ असतं. ते वेगळं प्रकरण आहे. त्याने एक्स्टेन्शन्स आणि सेटिंग्जमधले बदल कायमचे उडतात. बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, कुकी राहतात आणि जुन्या प्रोफाइलची प्रत डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाने पडते. तपासणी चालू असताना ते दाबलं तर रोग बरा होईल कदाचित, पण कारण कधीच कळणार नाही.

आणि एक प्रश्न: अ‍ॅड-ऑन बंद केल्यावर पान पुन्हा लोड करत होतात का?

---

कोकणकडा

नव्या प्रोफाइलमध्ये बघितलं. कॅप्चा दिसतो, शिरोरेखा सलग आहे, धक्के मात्र तसेच आहेत.

सगळी पानं पुन्हा लोड करत नव्हतो. अर्जाचं पान करत होतो कारण अर्ज परत पहिल्यापासून भरावा लागायचा. मराठी मजकुराचं पान दुसऱ्या टॅबमध्ये उघडंच होतं, तिथे नुसता डोकावून बघत होतो.

---

तिसरा_टॅब

मग तिसरी तक्रार या यादीतून काढा. सेटिंग्ज > जनरलमध्ये खाली ‘परफॉर्मन्स’ आहे. ‘यूज रेकमेंडेड परफॉर्मन्स सेटिंग्ज’ची खूण काढली की खाली ‘यूज हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन व्हेन अव्हेलेबल’ उघडं पडतं. त्याचीही खूण काढा, फायरफॉक्स पूर्ण बंद करून सुरू करा. धक्के गेले तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या पानावरून नवा करा आणि मग खूण परत लावा. ती कायमची काढून ठेवणं हा उपाय नव्हे, कारण मग पान रेखाटण्याचा सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि व्हिडिओ बघताना पंखा घोंगावू लागतो. खात्री करायची असेल तर अबाउट:सपोर्टमध्ये ‘ग्राफिक्स’ भागात ‘कंपोझिटिंग’ समोर बघा. नुसतं वेबरेंडर असेल तर ग्राफिक्स कार्ड कामाला आहे. पुढे कंसात सॉफ्टवेअर असेल तर नाही.

जाता जाता: वेग मोजायला ट्रबलशूट मोड कधीच वापरू नका. जिट बंद असल्याने जड पानं तिथे उलट मंद चालतात.

दुसरी तक्रार पान पुन्हा लोड न केल्याने निसटली असणार. अ‍ॅड-ऑन पानात स्वतःचा स्टाइल टॅग (पानाचं रूप ठरवणारा कोड) घालतं किंवा घटकांचे गुणधर्म बदलतं. तुम्ही अ‍ॅड-ऑन बंद करता तेव्हा त्याचा पुढचा कारभार थांबतो, पण पानात आधीच केलेले उद्योग पान ताजं होईपर्यंत तिथेच राहतात. म्हणून दर वेळी बदल केला की कंट्रोल + शिफ्ट + आर. तरी शंका असेल तर टॅब बंद करून पत्ता नव्याने टाका.

---

शब्दओळ

शिरोरेखेबद्दल थोडं. हे लक्षण इतकं ठळक आहे की अठरा अ‍ॅड-ऑन्स चाळायची गरजच नाही. फॉन्ट बदलला की अक्षराचं वळण बदलतं, शिरोरेखा तुटत नाही. ती तुटते तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवलेलं असतं. रोमन लिपीत अक्षरांमध्ये थोडी जागा सोडली की वाचन सोपं होतं, म्हणून वाचनसुलभतेची अ‍ॅड-ऑन्स ती सगळ्या पानांवर सरसकट लावतात. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अक्षरांमधल्या अंतरासाठी फॉन्टच्या आकाराच्या ०.१२ पट असा आकडा आहे, बरीच साधनं तोच उचलतात. देवनागरीत प्रत्येक अक्षरगटानंतर तेवढी फट पडते आणि रेघेचे तुकडे होतात. जोडाक्षर मात्र एकसंध राहतं, म्हणून तुमचा ‘ष्ट्र’ सुटला नाही.

पडताळा असा: तुटलेल्या शब्दावर राइट क्लिक > ‘इन्स्पेक्ट’, उजवीकडे ‘कंप्युटेड’ टॅब, शोधात लेटर-स्पेसिंग. ‘नॉर्मल’ असायला हवं. काही पिक्सेल दिसले तर कुणीतरी हात घातलाय. १६ पिक्सेलच्या मजकुरावर ०.१२ पट म्हणजे १.९२ पिक्सेल दिसतील.

तुमच्या यादीत वाचन सोपं करणारं, डिस्लेक्सियासाठीचं, किंवा ‘सगळीकडे माझी स्टाइल’ प्रकारचं काही असेल तर तिथून सुरुवात करा. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असते किंवा मेनूची चिन्हं गायब असती, तर मी फॉन्ट लादणाऱ्या अ‍ॅड-ऑनकडे बोट दाखवलं असतं. पानावरची बरीच चिन्हं चिन्ह-फॉन्टने काढलेली असतात, आणि फॉन्ट लादला की त्यांची जागा रिकाम्या डब्या घेतात.

---

अर्धे_अर्धे

आता कॅप्चा. पान पुन्हा लोड करूनसुद्धा एकेक बंद करण्याने दोषी सापडला नाही, याचा सरळ अर्थ दोषी एकापेक्षा जास्त आहेत. दोन अ‍ॅड-ऑन्स तीच विनंती अडवत असतील तर पहिलं बंद केल्यावर दुसरं अडवतं, दुसरं बंद केल्यावर पहिलं. जाहिरातरोधक एकच आहे म्हणता, पण व्हीपीएन, ‘प्रायव्हसी’, ‘सेफ ब्राउझिंग’, कूपन शोधणारी अ‍ॅड-ऑन्स यांच्या पोटातही गाळण्या असतात.

म्हणून दिशा उलटी करा. सगळी चालू ठेवून एक बंद करू नका. सगळी बंद करून गटागटाने चालू करा.

आधी आत्ताची स्थिती नोंदवा. अबाउट:सपोर्ट > ‘कॉपी टेक्स्ट टू क्लिपबोर्ड’ करून नोटपॅडमध्ये ठेवा. त्यात प्रत्येक अ‍ॅड-ऑनचं नाव, आवृत्ती आणि चालू की बंद हे येतं. शेवटी ‘यातली कुठली मुळातच बंद होती?’ हा प्रश्न हमखास पडतो. फायरफॉक्स सिंकमध्ये ‘अ‍ॅड-ऑन्स’ निवडलेलं असेल तर तपासणीपुरती ती खूण काढा. चालू-बंदची स्थितीसुद्धा सिंक होते, आणि दुसऱ्या संगणकावरचा जाहिरातरोधक आपोआप बंद झाला की लोक नवा धागा काढतात.

मग कंट्रोल + शिफ्ट + ए. प्रत्येक अ‍ॅड-ऑनच्या आत ‘परमिशन्स’ टॅब आहे. ज्यांना सगळ्या संकेतस्थळांवरचा डेटा वापरायची परवानगी आहे त्यांना वर घ्या. ज्यांना ती नाही, उदाहरणार्थ फक्त टॅबची मांडणी करणारी, ती पानातल्या कॅप्चाला हात लावण्याची शक्यता फार कमी. ती शेवटी. एवढ्यानेच यादी बरीचशी आटोपशीर होते.

समजा सगळीच १८ घ्यायची झाली. सगळी बंद, पान ताजं, कॅप्चा दिसला. पहिली ९ चालू, पान ताजं. नंतर ती बंद करून दुसरी ९ चालू, पान ताजं. एकाच गटात बिघाड दिसला तर दुसरा गट निर्दोष. दोन्ही गटांत दिसला तर दोषी निदान दोन आहेत आणि दोन्ही गटांत निदान एकेक आहे, मग प्रत्येक गटाची वेगळी फोड: ९ चे ५ आणि ४, ५ चे ३ आणि २. दहाएक चाचण्यांत दोन्ही नावं हातात येतात. याउलट सगळी चालू ठेवून दोन-दोनाच्या जोड्या बंद करून बघायच्या म्हटल्या तर १८ मध्ये १५३ जोड्या होतात.

एक अपवाद. कधी कधी दोन अ‍ॅड-ऑन्स एकेकटी निर्दोष असतात आणि एकत्र आली की बिघाड करतात, जसं एक पानाचा रंग पालटतं आणि दुसरंही पालटतं. तेव्हा दोन्ही अर्ध्यांत काहीच सापडत नाही, पण सगळी चालू केली की बिघाड परत. तसं झालं तर पहिला अर्धा गट चालूच ठेवून त्यात दुसऱ्यातली थोडी थोडी भर घालत जा. इथे तसं वाटत नाही.

---

लॉगवाचक

वरची पद्धत खात्रीची आहे, पण ‘काहीतरी अडवलं गेलंय’ अशा तक्रारीत तेवढंही करावं लागत नाही. एफ१२, ‘नेटवर्क’ टॅब, मग पान ताजं करा (टॅब उघडा ठेवून, नाहीतर आधीच्या विनंत्या नोंदल्या जात नाहीत). अडवलेल्या ओळी वेगळ्या दिसतात आणि ‘ट्रान्सफर्ड’ रकान्यात ‘ब्लॉक्ड बाय’ पुढे अ‍ॅड-ऑनचं नाव येतं. कॅप्चा बहुधा वेगळ्याच डोमेनवरून येतो, त्याच ओळी बघा. नाव दिसलं ते बंद करा, पान ताजं करा, परत बघा. आता दुसरंच नाव आलं असेल तर वर म्हटलेला जोडीदार तोच.

यात विनंती अडवणारंच पकडलं जातं. विनंती येऊ देऊन नंतर पानातून घटक लपवणारं अ‍ॅड-ऑन इथे दिसत नाही. तेव्हा नेटवर्कमध्ये सगळं हिरवं आणि पानावर जागा कोरी, असा प्रकार असतो. मग अर्धे-अर्धेच करा.

प्रायव्हेट खिडकीची चाचणी लोक सुचवतात, मी टाळतो. तिथे परवानगी दिलेलीच अ‍ॅड-ऑन्स चालतात हे खरं, पण जुन्या कुकीही नसतात. बरं झालं तर अ‍ॅड-ऑनमुळे की कुकीमुळे, हे परत लटकलं.

---

कोकणकडा

निकाल:

धक्के: अ‍ॅक्सेलरेशन बंद केल्यावर गेले. ड्रायव्हर नवा केला, खूण परत लावली, आता नाहीत.

शिरोरेखा: कंप्युटेडमध्ये १.९२ पिक्सेल, अगदी तोच आकडा. वाचनाचं एक अ‍ॅड-ऑन निघालं. बंद करून पान ताजं केल्यावर नॉर्मल.

कॅप्चा: नेटवर्कमध्ये आधी जाहिरातरोधकाचं नाव. तो बंद केल्यावर त्याच ओळीसमोर व्हीपीएनच्या अ‍ॅड-ऑनचं नाव! त्यात ‘ट्रॅकर थांबवा’ असा पर्याय मुळातच चालू होता. दोन्ही बंद, कॅप्चा हजर, ‘पुढे’ही चालतं.

पण हा अर्ज महिन्याभरापूर्वी याच अ‍ॅड-ऑन्ससह भरता येत होता, आणि जाहिरातरोधकाची आवृत्ती तेव्हापासून बदललेली नाही. मग आताच काय झालं?

---

लॉगवाचक

आवृत्ती तीच असली तरी आतल्या गाळणी-याद्या स्वतंत्रपणे, आपोआप ताज्या होतात. काल मोकळं असलेलं डोमेन आज यादीत येऊ शकतं. म्हणून ‘मी काहीच बदललं नाही’ या वाक्यावर जाहिरातरोधकाच्या बाबतीत विसंबू नये. संकेतस्थळानेही मधल्या काळात कॅप्चाची सेवा बदललेली असू शकते, परिणाम तोच.

कुठली यादी हे शोधायचं असेल तर तिथेही अर्धे-अर्धे चालतं. यूब्लॉक ओरिजिन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर लिस्ट्स’, आधी ‘अ‍ॅनॉयन्सेस’ गटातल्या याद्या काढून ‘अप्लाय चेंजेस’. त्यांच्यामुळे असले अपघात जास्त होतात. ‘माय फिल्टर्स’मध्ये कधीकाळी स्वतः टोचलेला नियमही बघा. यादी सापडली की तिच्या देखरेख करणाऱ्यांना पानाचा पत्ता कळवा, सगळ्यांचं भलं होतं.

तोपर्यंत अ‍ॅड-ऑन पूर्ण बंद ठेवू नका. त्या संकेतस्थळावर असताना यूब्लॉकचं मोठं पॉवर बटण दाबा आणि पान ताजं करा, तेवढ्याच संकेतस्थळापुरता तो गप्प बसतो. व्हीपीएनमधली गाळणी बंद करून टाका. एका कामाला दोन रोधक ठेवले की पुढच्या वेळीही असंच दोन जागी शोधावं लागेल.

---

पोळीभाजी

क्रोममध्ये हेच कसं? तिथे ट्रबलशूट मोड सापडत नाही.

---

अर्धे_अर्धे

नाहीच तो. नव्या प्रोफाइलच्या जागी पाहुणा खिडकी वापरा: वर उजवीकडे प्रोफाइलचं चित्र > ‘गेस्ट’. तिथे एक्स्टेन्शन नसतं. कुकीही नसतात, त्यामुळे लॉगिन लागणाऱ्या पानांवर परत तोच संशय राहतो, पण सुरुवातीला पुरे. कुकीसकट हवं असेल तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या शेवटी एक जागा सोडून दोन वजा चिन्हं आणि डिसेबल-एक्स्टेन्शन्स असं रोमन लिपीत लिहा. त्याआधी क्रोम पूर्ण बंद असला पाहिजे, घड्याळाजवळच्या कोपऱ्यात पार्श्वभूमीत चालणारा धरून. तो जिवंत असेल तर नवी खिडकी जुन्याच प्रक्रियेत उघडते आणि हा पर्याय कुणी वाचतच नाही.

बाकी शोध तसाच, क्रोम:एक्स्टेन्शन्स या पानावरून, फक्त तिथे कोलननंतर दोन तिरप्या रेघा. एक सोय जास्त आहे: शिफ्ट + एस्केपने क्रोमचा टास्क मॅनेजर उघडतो आणि एक्स्टेन्शन्स नावानिशी दिसतात. मेमरी नि प्रोसेसर खाणारं तिथेच कळतं. फक्त पानात घुसून काम करणाऱ्या भागाचा खर्च त्या टॅबच्या नावावर पडतो, हे विसरू नका. नेटवर्क टॅबमध्ये विनंती अडवली गेल्याचं दिसतं, पण कोणी अडवलं ते सांगत नाही.

बंद करायचं बटणच दाबत नसेल आणि ‘प्रशासकाने बसवलेलं’ असं लिहिलं असेल तर क्रोम:पॉलिसी बघा. कार्यालयाचा संगणक असेल तर तिथल्या आयटी विभागाला सांगा. घरच्या संगणकावर असं दिसलं तर एखाद्या सॉफ्टवेअरने चोरपावलांनी धोरण घातलंय. ते सॉफ्टवेअर काढल्याशिवाय एक्स्टेन्शन परत परत येत राहील.

---

तिसरा_टॅब

कुणाची सगळीच अ‍ॅड-ऑन्स एका रात्रीत आपोआप बंद झाली असतील तर वरचं काहीच करू नका, ब्राउझरची आवृत्ती बघा. फायरफॉक्समध्ये मे २०१९ मध्ये अ‍ॅड-ऑन्सच्या स्वाक्षऱ्या तपासायचं एक मधलं प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातली अ‍ॅड-ऑन्स बंद पडली होती. मार्च २०२५ मध्ये एक मूळ प्रमाणपत्र संपलं. १२८ च्या आधीच्या, किंवा ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) ११५.१३ च्या आधीच्या फायरफॉक्सवर त्यामुळे अ‍ॅड-ऑन्स बंद पडतात, आणि फायरफॉक्स नवा करणं हाच उपाय.

कोकणकडा, वाचनाचं अ‍ॅड-ऑन उडवायची घाई नको. बहुतेकांमध्ये अक्षरांतलं अंतर शून्य करता येतं किंवा संकेतस्थळ वगळता येतं. आणि ‘बंद’ व ‘काढा’ यात फरक आहे: बंद केल्यावर त्याची साठवलेली सेटिंग्ज राहतात, काढल्यावर तीही जातात. स्क्रिप्ट किंवा स्टाइल साठवणारं कुठलंही अ‍ॅड-ऑन काढण्याआधी त्याच्या सेटिंग्जमधून एक्स्पोर्ट करून फाइल बाजूला ठेवा.

---

कोकणकडा

त्यात ‘लेटर स्पेसिंग’ची पट्टी आहे, शून्यावर आणली. रेघ सलग, बाकी सोयी तशाच. सिंकची खूण परत लावली. धागा सुटला असं धरायला हरकत नाही.